नेमके पाच सेकंद

सकाळी ८.३०

दिवसाची सुरुवात लॉग वाचण्याने होते. पाणीपुरवठा योजनांच्या टाक्यांजवळ आमचे छोटे लिनक्स बोर्ड बसवलेले आहेत. टाकीची पातळी, पंपाचा दाब आणि मीटरमधून गेलेलं पाणी मोजायचं आणि दर १५ मिनिटांनी पुण्याच्या सर्व्हरला कळवायचं, हे त्यांचं काम. सी भाषेत लिहिलेला एक डीमन ते करतो. सर्व्हरचा आयपी पत्ता आम्ही बोर्डात आकड्यांत लिहून ठेवत नाही, त्याचं होस्टनेम लिहितो. सर्व्हर उद्या दुसऱ्या डेटा सेंटरात हलवला तरी गावोगाव टाकीवर माणूस पाठवायची वेळ येऊ नये, हा हेतू. त्याचा अर्थ असा की प्रत्येक वेळी काही पाठवायच्या आधी डीमनला कोणाला तरी विचारावं लागतं: या नावाचा पत्ता काय?

सातारा जिल्ह्यातल्या एका योजनेवर हा प्रश्न विचारायला रात्रभर प्रत्येक वेळी पाच सेकंद लागलेत. एकही नोंद हुकलेली नाही, सर्व्हरला काही खटकलेलं नाही. तक्रार फक्त बॅटरीची आहे. बोर्ड आणि त्याच्याजवळचा राउटर सौर पॅनेलवर चालतात, पाठवणं झालं की राउटरची वीज बंद होते. दर खेपेला पाच सेकंद जास्त जागं राहायचं म्हणजे पावसाळी आभाळात दोन दिवस काढण्याची त्यांची ताकद कमी होते.

मला खटकला तो आकडा. ५.०१, ५.०२, ५.०१. खराब रेंजमुळे होणारा उशीर असा नेमका कधी नसतो, तो कधी दोन सेकंदांचा असतो तर कधी अकराचा. पुन्हा पुन्हा पाचच येतात तेव्हा कुठलातरी कोड टाइमआउट लावून थांबलेला असतो.

सकाळी ९.३०

आमच्या डीमनच्या लॉगमध्ये तीन टप्प्यांची वेळ वेगवेगळी नोंदली जाते: नावाचा पत्ता मिळाला, जोडणी झाली, नोंद पोचली. ज्यांना सॉकेटचा कोड लिहायचाय त्यांनी हे पहिल्या दिवसापासून करावं असं मी आग्रहाने सांगतो. ‘सर्व्हर स्लो आहे’ या एका वाक्याखाली लोक तीन वेगळे आजार झाकतात. इथे जोडणी आणि पाठवणं झटपट होतंय, पाचही सेकंद पहिल्या टप्प्यात जातायत.

टीममध्ये नुकताच आलेला सांगलीचा मुलगा माझ्या शेजारी बसून बोर्डावर लॉगिन झाला आणि त्याने सर्व्हरचं नाव देऊन डिग चालवलं. उत्तर लगेच आलं.

“सर, डीएनएस तर ठीक आहे. मग आपल्याच कोडमध्ये काहीतरी असेल ना?”

“डिग कोणाला विचारतं?”

“डीएनएस सर्व्हरला.”

“थेट. आपला डीमन थेट विचारत नाही. तो गेटॲड्रइन्फोला विचारतो. ते आधी एनएसस्विच.कॉन्फ बघतं, तिथे लिहिलेल्या क्रमाने होस्ट्स फाइल वाचतं आणि तिथे नाही मिळालं तर रिझॉल्व्ह.कॉन्फमधल्या सर्व्हरकडे जातं. त्याच वाटेने जाणारी कमांड चालव.”

त्याने गेटेंट अहोस्ट्स ही कमांड दिली. कर्सर थांबून राहिला आणि पाच सेकंदांनी पत्ता उमटला. आमच्या कोडचा संबंध नव्हता, पण डीएनएस ठीक आहे हेही खरं नव्हतं. डिगने दिलेला निर्वाळा प्रोग्रॅमला लागू होत नाही, ही गोष्ट कितीतरी अनुभवी लोकांनाही माहीत नसते. होस्ट्स फाइलीत कोणीतरी दोन वर्षांपूर्वी घातलेली जुनी ओळ डिगला दिसतच नाही. प्रोग्रॅमला मात्र तीच पहिली दिसते.

सकाळी १०.३०

टीसीपीडंप लावलं, फक्त पोर्ट ५३ वर. पडद्यावर जे दिसलं ते सावकाश सांगण्यासारखं आहे.

बोर्डाकडून दोन पॅकेट गेली, जवळजवळ एकाच क्षणी. एका प्रश्नात ए रेकॉर्ड मागितलं होतं, म्हणजे आयपीव्ही४ पत्ता. दुसऱ्यात क्वाड-ए, म्हणजे आयपीव्ही६ पत्ता. दोन्ही एकाच सॉकेटवरून, एकाच सोर्स पोर्टवरून. मग एक उत्तर परत आलं, ए रेकॉर्डचं. दुसरं आलंच नाही. हवा तो पत्ता बोर्डाच्या हातात होता, तरी लायब्ररी दुसऱ्या उत्तरासाठी ताटकळत राहिली. पाच सेकंदांनी तिने पुन्हा विचारलं, या वेळी एक प्रश्न, त्याचं उत्तर, मग दुसरा प्रश्न, त्याचं उत्तर. त्यानंतरच गेटॲड्रइन्फो परतलं.

हे वागणं लायब्ररीत मुद्दाम लिहिलेलं आहे. जीलिबसीच्या २.९ आवृत्तीपासून दोन्ही प्रश्न एकदम पाठवले जातात, कारण एकामागून एक विचारले तर सगळ्यांचाच वेळ दुप्पट होतो. रिझॉल्व्हरचा ठरलेला टाइमआउट पाच सेकंदांचा आणि प्रयत्न दोन. काही उपकरणं एकाच पोर्टवरून आलेल्या दोन प्रश्नांपैकी एकाचंच उत्तर परत पाठवतात. ही चूक इतकी जुनी आणि इतकी पसरलेली आहे की रिझॉल्व्ह.कॉन्फच्या मॅन्युअल पानावर तिची नोंद आहे आणि तिच्यासाठी एक खास पर्याय आहे: सिंगल-रिक्वेस्ट-रीओपन. तो दिला की अशा वेळी लायब्ररी सॉकेट बंद करून दुसऱ्या प्रश्नासाठी नवा उघडते. नुसता सिंगल-रिक्वेस्ट दिला तर प्रश्न मुळातच एकामागून एक जातात.

हा पर्याय लिहायचा कुठे, हाही प्रश्नच असतो. रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये लिहिला तर नेटवर्क पुन्हा जोडलं जाताना डीएचसीपी क्लायंट ती फाइल पुसून नवी लिहितो. रेस_ऑप्शन्स नावाचा एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल आहे, त्यात तोच पर्याय देता येतो आणि तो फक्त आमच्या डीमनला लागू होतो. सिस्टमडीच्या सर्व्हिस फाइलीत एक ओळ वाढवली, डीमन पुन्हा चालू केला. पुढच्या नोंदीत पहिला टप्पा मिलिसेकंदांत आला.

“सगळ्याच बोर्डांवर टाकू या का सर?”

नको. जिथे राउटर सरळ वागतोय तिथे या पर्यायाचा काही उपयोग नाही, उलट पुढे कधी खरा बिघाड झाला तर तो झाकला जाईल. जिथे लागण झाली तिथेच औषध द्यायचं. राउटर पुरवणाऱ्याला टीसीपीडंपची फाइल आणि चार ओळींचं पत्र पाठवलं.

दुपारी १२

मुलाकडे दिलेलं मुख्य काम वेगळं आहे. पहिल्या पिढीच्या बोर्डांवरचा कोड अजून गेटहोस्टबायनेम वापरतो, तो बदलायचा आहे. मी त्याच्यासोबत ओळ न् ओळ वाचतो.

गेटहोस्टबायनेम १९८३ च्या ४.२ बीएसडी युनिक्सबरोबर आलं. सुरुवातीला त्याच्या स्ट्रक्चरमध्ये पत्त्यासाठी एकच जागा होती. पुढे यंत्रांना एकाहून जास्त पत्ते असू लागले तेव्हा तिथे यादी आली, आणि जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून हेडर फाइलीत एक मॅक्रो ठेवला: एच_ॲड्र म्हणजे यादीतला शून्याव्या जागेवरचा पत्ता. तो आजही तिथे आहे. आमच्या जुन्या कोडमध्येही नेमका तोच वापरलाय. त्या मॅक्रोमुळे एक अख्खी पिढी नावाला पत्ता एकच असतो असं समजून कोड लिहीत राहिली.

शिवाय हे फंक्शन उत्तर स्वतःच्याच स्थिर जागेत ठेवतं. दुसऱ्यांदा बोलावलं की पहिलं उत्तर पुसलं जातं, दोन थ्रेडनी एकदम बोलावलं तर काय हाती लागेल याची खात्री नाही. पोझिक्सने २००१ मध्ये त्याला कालबाह्य ठरवलं आणि २००८ च्या आवृत्तीतून काढून टाकलं. जानेवारी २०१५ मध्ये क्वालिस कंपनीच्या संशोधकांनी ‘घोस्ट’ हे भगदाड उघड केलं, तेही जीलिबसीच्या याच फंक्शनच्या पोटातलं. नाव म्हणून दिलेला मजकूर आकडे आणि टिंबांचाच आहे का हे तपासणाऱ्या कोडमध्ये बफर तोकडा पडत होता. चूक २००० सालापासून होती. २०१३ मध्ये ती दुरुस्तही झाली होती, पण तिच्यामुळे बाहेरचा माणूस आत शिरू शकतो हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही, त्यामुळे कितीतरी सर्व्हर तसेच राहिले.

नवं फंक्शन धुतल्या तांदळासारखं आहे असंही नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये जीलिबसीच्या गेटॲड्रइन्फोमधलं भगदाड जाहीर झालं. उत्तरासाठी स्टॅकवर २०४८ बाइटची जागा होती, तिच्याहून मोठं उत्तर ठरावीक रीतीने पाठवलं तर ते बाहेर सांडत होतं. सकाळी टीसीपीडंपमध्ये पाहिलेली ती दोन जुळी पॅकेट, त्यांच्याच हाताळणीतली ही चूक होती. म्हणून बोर्डावरची लायब्ररी अद्ययावत ठेवणं हे नावाचा पत्ता शोधण्याच्या कामाचाच भाग आहे असं मी मानतो. डीएनएसचं उत्तर म्हणजे परक्या माणसाने पाठवलेला मजकूर, आणि तो आपल्या प्रोग्रॅमच्या मेमरीत उतरतो.

मुलाने नवा कोड लिहिला. हिंट्सचं स्ट्रक्चर आधी मेमसेटने शून्य केलं. फॅमिलीत एएफ_अनस्पेक, म्हणजे दोन्ही प्रकारचे पत्ते चालतील. सॉकटाइपमध्ये सॉक_स्ट्रीम. हे शेवटचं तो विसरला होता, आणि विसरल्याचा परिणाम त्याला पडद्यावर दिसला: प्रत्येक पत्ता तीन-तीनदा आला, स्ट्रीमसाठी, डेटाग्रामसाठी आणि रॉ सॉकेटसाठी. कुठल्या कामाला पत्ता हवाय ते सांगितलं नाही तर लायब्ररी सगळ्या कामांसाठी देते.

चुकीच्या संदेशासाठी त्याने पेरर लिहिलं होतं. गेटॲड्रइन्फो आपली चूक एरनोमध्ये ठेवत नाही, परतीच्या किमतीत देतं. तिचा मजकूर गाय_स्ट्रएररकडून घ्यायचा. फक्त ईएआय_सिस्टम आलं तर एरनो बघायचा.

“सर, आपल्या सर्व्हरचा पत्ता तर एकच आहे. मग हा लूप कशाला?”

“आज एक आहे. उद्या किती असतील ते आपला बोर्ड नाही ठरवणार, डीएनएस सांभाळणारा ठरवणार. त्याने दुसरा सर्व्हर उभा केला आणि आपण पहिल्याच पत्त्यावर अडून बसलो, तर त्याने केलेल्या सोयीचा उपयोग काय?”

त्याने लूप ठेवला. यादी पुढे सरकवताना मूळ पॉइंटर जपून ठेवला आणि शेवटी फ्रीॲड्रइन्फोला तोच दिला. व्हॅलग्राइंडने एकही बाइट गळका दाखवला नाही.

दुपारी १.३०

डबा. जेवताना विषय निघाला की होस्ट्स फाइल ही कल्पना कोणाची. आर्पानेटच्या काळात सगळ्या जगाची मिळून एकच यादी होती, होस्ट्स.टीएक्सटी. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कच्या एसआरआय संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती सांभाळायचा. नवं यंत्र जोडलं की त्यांना कळवायचं, आणि बाकीच्यांनी फाइलची नवी प्रत उतरवून घ्यायची. यंत्रं वाढली तशी ही रीत पुरेना. पॉल मोकापेट्रिस यांनी नोव्हेंबर १९८३ मध्ये आरएफसी ८८२ आणि ८८३ लिहून डीएनएसची मांडणी केली. चार वर्षांनी आलेले १०३४ आणि १०३५ आजही त्या व्यवस्थेचा पाया आहेत. आपल्या लिनक्सवरची होस्ट्स फाइल ही त्या जुन्या यादीचीच वंशज.

दुपारी २.३०

मराठवाड्यातल्या एका टाकीवरून तंत्रज्ञाचा फोन. “साहेब, पत्ता बरोबर टाकलाय, पण सर्व्हर लागत नाही.” चाचणीसाठी तिथे स्थानिक सर्व्हर आहे, म्हणून नावाऐवजी आकडे भरलेत. कॉन्फिग फाइलीचा फोटो मागवला. त्याने आकडे एका रांगेत नीट दिसावेत म्हणून शून्य लावून भरले होते: १९२.१६८.०१०.०२०.

जुन्या रीतीने पत्ता वाचणारी फंक्शनं शून्याने सुरू होणारा आकडा अष्टमान पद्धतीचा धरतात. सी भाषेतल्या स्थिरांकांचा हाच नियम आहे. ०१० म्हणजे आठ, ०२० म्हणजे सोळा. बोर्ड इमाने-इतबारे १९२.१६८.८.१६ ला हाका मारत होता. जीलिबसीचं गेटॲड्रइन्फोसुद्धा आकडी पत्ता याच जुन्या रीतीने वाचतं. आयनेट_पीटॉन कडक आहे, असा पत्ता ते नाकारतं.

तंत्रज्ञाचं काही चुकलं नव्हतं. अष्टमान पद्धत त्याला माहीत असायचं कारणच नाही. कॉन्फिग वाचताना आकडे आणि टिंबंच असतील तर आयनेट_पीटॉनने तपासायचं आणि ते नाकारलं तर स्पष्ट मराठीत सांगायचं: ‘आकड्यापुढचं शून्य काढा.’ ही ओळ आजच्याच बिल्डमध्ये जाईल.

दुपारी ३.३०

पत्ता मिळाल्यानंतरचा भाग. यादीचा क्रम लायब्ररी आरएफसी ६७२४ च्या नियमांनी लावते, दोन्ही प्रकार उपलब्ध असतील तर बहुधा आयपीव्ही६ आधी येतं. भारतातल्या मोबाइल नेटवर्कांवर आयपीव्ही६ आता नेहमीचं झालंय, त्यामुळे हा मुद्दा पुस्तकी राहिलेला नाही. पहिला पत्ता आयपीव्ही६ चा, आणि वाटेत कुठेतरी तो रस्ता बंद असेल तर साधं कनेक्ट कर्नलच्या टाइमआउटपर्यंत, म्हणजे एक-दोन मिनिटं लटकतं. लूप असून उपयोग नाही, कारण दुसऱ्या पत्त्याची पाळीच येत नाही.

म्हणून सॉकेट नॉन-ब्लॉकिंग करायचा आणि किती थांबायचं ते आपण ठरवायचं. ब्राउझर ‘हॅपी आयबॉल्स’ या रीतीने जातात. आरएफसी ८३०५ मध्ये दोन प्रयत्नांत २५० मिलिसेकंदांचं अंतर सुचवलंय: पहिला पत्ता तेवढ्यात लागला नाही तर तो न सोडता दुसराही सुरू करायचा, जो आधी लागेल तो घ्यायचा. टाकीवरच्या बोर्डाला इतकी घाई नाही. एकेका पत्त्याला काही सेकंद देऊन पुढे जाणं आम्हाला पुरतं.

लॉगमध्ये पत्ता लिहायला गेटनेमइन्फो वापरायचं, पण एनआय_न्यूमेरिकहोस्ट लावूनच. ते विसरलं तर लॉगची एक ओळ लिहिण्यासाठी डीमन उलटा डीएनएस प्रश्न विचारत बसतो.

संध्याकाळी ५

सगळ्यात चिवट दुखणं आता घेतो, कारण या वेळी ऑफिस शांत असतं. काही जुन्या बोर्डांवर वीज जाऊन आली की डीमन सुरू होतो, पण सर्व्हरचं नाव त्याला कधीच सापडत नाही. हाताने पुन्हा चालू केला की लगेच सापडतं. ‘रीस्टार्ट केलं की चालतं’ हे वाक्य मला अस्वस्थ करतं. त्याने फोन बंद होतो, कारण मात्र तसंच राहतं.

कारण असं. बोर्ड उठतो तेव्हा मोडेम अजून जोडलेला नसतो, रिझॉल्व्ह.कॉन्फ नसते किंवा रिकामी असते. अशा वेळी लायब्ररी डीएनएस सर्व्हर म्हणून १२७.०.०.१ धरते, म्हणजे स्वतःलाच. नंतर मोडेम जोडला जातो, फाइल नीट लिहिली जाते, पण जीलिबसी २.२६ च्या आधी चालू असलेली प्रक्रिया ती फाइल आपणहून पुन्हा वाचत नसे. डीमन दिवसभर स्वतःलाच पत्ता विचारत राहतो. ऑगस्ट २०१७ च्या २.२६ पासून फाइल बदलली की ती आपोआप पुन्हा वाचली जाते. जुन्या बोर्डांवर लायब्ररी बदलता येईपर्यंत ईएआय_अगेन आलं की रेस_इनिट बोलवायचं, थोडं थांबायचं आणि पुन्हा विचारायचं. थांबण्याचा अवधी दर अपयशानंतर वाढवायचा, नाहीतर तालुक्यात वीज आल्याबरोबर सगळे बोर्ड एकदम डीएनएसवर तुटून पडतील.

ईएआय_अगेन आणि ईएआय_नोनेम यांतला फरक इथे पाळावाच लागतो. पहिल्याचा अर्थ ‘आत्ता कळलं नाही’, दुसऱ्याचा ‘असं नाव नाही’. जुन्या कोडमध्ये दोन्हींवर डीमन बंद पडत होता. आता नोनेमवर तो चूक लॉगमध्ये लिहितो आणि तासाने पुन्हा बघतो, अगेनवर हिंमत सोडत नाही.

आणि मिळालेला पत्ता कायमचा साठवायचा नाही. गेटॲड्रइन्फो पत्ता देतं, तो किती वेळ खरा धरायचा ते सांगत नाही. डीएनएसच्या उत्तरात ती मुदत असते, पण या फंक्शनमधून बाहेर येत नाही. जोडणी तुटली की पुन्हा नावापासून सुरुवात, हा आमचा नियम.

संध्याकाळी ६.३०

साताऱ्याच्या बोर्डाच्या दिवसभराच्या नोंदी सरळ आल्यात, पाचचा आकडा कुठे नाही. बिल्ड चाचणीच्या बोर्डांवर चढवला. बाकीच्यांवर दोन दिवस नजर ठेवून मग जाईल.

जाता जाता मुलाने विचारलं, नाव देवनागरीत असेल तर? एका ग्राहकाला .भारत वरचं नाव हवंय. ते २०१४ मध्ये सुरू झालं आणि हिंदी, मराठी, कोंकणी अशा देवनागरीतल्या भाषांसाठी चालतं. डीएनएसच्या तारेवरून मात्र ते प्युनीकोडमध्ये, रोमन अक्षरं आणि आकड्यांच्या रूपात जातं. जीलिबसीत एआय_आयडीएन हा फ्लॅग आहे, तो हे रूपांतर करतो, पण चालू लोकेलच्या एन्कोडिंगवरून. म्हणजे डीमनने सुरुवातीलाच सेटलोकेल बोलवायला हवं आणि बोर्डावर यूटीएफ-८ चं लोकेल बसवलेलं हवं. आमच्या बोर्डांवर जागा वाचवायला लोकेल काढून टाकलेत. किती जागा लागेल ते त्याने सकाळी मोजून सांगायचं ठरलं.